पेल्यातलं पाणी

तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाल्यापासून सुषमाची छाती सारखी धडधडायची. जमीन हलतेय की आपणच, हे कळावं म्हणून ती खिडकीत पाण्याने भरलेला पेला ठेवायची.

"ताई, भीतीने तुमचं शरीर सतत पळायच्या तयारीत असतं," डॉक्टर म्हणाले. "मग रोज थोडं खरंच पळा. शांत होईल."

ती रोज धावायला लागली. महिन्याभरात धडधड थांबली, गाढ झोपही लागू लागली.

काल दुपारी ती लेकीला कुशीत घेऊन झोपली. जाग आली तेव्हा पेला खाली पडला होता आणि झोपलेल्या लेकीच्या केसांत कौलांचा चुरा होता.

आज सकाळी नवऱ्याने तिचे बूट पुढे केले. तिने ते खाटेखाली ढकलले आणि छातीवर हात ठेवून धडधडीची वाट बघत बसली.