झिओनेची निवड

आभाळातून कोसळणारं यान वळवायचं यंत्र फक्त झिओनेच्या हाताला जुमानतं, असं अख्खा देश मानत होता. तिने ते यान लिलोंग्वे शहरावरून वळवून तळ्याकाठच्या म्चेंगा गावावर पाडलं. शहर वाचलं. गावातली चारशे माणसं गेली.

वीस वर्षं लोक तिच्यापुढे गुडघे टेकत राहिले. ती थकून गेली होती. तिला निवडणारे कामवेंडो आजोबा अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना पेज भरवताना तिने विचारलं, "आजोबा, माझ्यातच काय दिसलं तुम्हाला?"

"काही नाही गं, पोरी. ते यंत्र कुणीही चालवलं असतं. तुझ्याआधी अकरा जणांना बोलावलं होतं. म्चेंगात माणसं राहतात म्हटल्यावर सगळे उठून गेले. तू एकटी बसून राहिलीस."