ओली पट्टी

"पट्टी पुन्हा ओली," डॉक्टर गार्गी म्हणाल्या, तशी श्रुतिकाने मान खाली घातली. सासूबाईंच्या बोटाची पट्टी रोज तीच बदलत होती.

चारकोपच्या कारखान्यात कॉलर दाबायच्या मशीनमध्ये विमलाबाईंची उजवी तर्जनी सापडली, त्याला चार महिने झाले. एक ऑपरेशनही झालं. पण हाड हट्टालाच पेटलेलं. जुळेना, आणि पू थांबेना.

"आज मेलेलं हाड काढते, पोकळीत औषधाचं सिमेंट भरते. सहा आठवड्यांनी कमरेचं हाड घालून जोडू. मात्र यावेळी पू झाला, तर बोट काढावं लागेल."

विमलाबाईंचा चेहरा उतरला. "मग सुई कशी धरू मी?"

गार्गींनी पट्टीबाहेर ठेवलेलं बोटाचं टोक दाबून पाहिलं. रक्त फिरत होतं. नखाच्या कडा काळसर दिसल्या, त्या त्यांनी स्पिरिटने पुसल्या. "मासे साफ करता?"

"चार महिने विळीला शिवले नाय."

"तंबाखू, विडी?"

"शी! आमच्या घरात कोणाला नाद नाय."

घरात काही बिघडलं की पहिला संशय सुनेवरच. सौरभ बायकोकडे वळला. "आईला भांडी घासायला लावतेस ना? खरं सांग."

"शप्पथ नाही रे! रात्री कोरडी बांधते, सकाळी ओली असते. मी काय करू?" श्रुतिका रडायलाच लागली.

"आईचं बोट गेलं ना, तर बघ."

"तिला नको बोलू," विमलाबाई म्हणाल्या. त्यांना सुनेची कीव आली. "पोर खूप करते माझं. आणि डॉक्टर, स्वच्छतेचं म्हणाल, तर दात घासल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेत नाय."

"आज तर पाणीही प्यायचं नाही," गार्गी म्हणाल्या. "तोंड तेवढं स्वच्छ करून या. अर्ध्या तासात आत घेऊ."

श्रुतिकाने डोळे पुसत पिशवीतून टॉवेल आणि सासूबाईंची दात घासायची डबी काढून दिली.

विमलाबाईंनी बाथरूमची कडी लावली. आरशासमोरच त्यांनी हात जोडले. देवा, या खेपेला जुळू दे रे.

मग डबी उघडली. डावा हात तोंडाला लावायचा नसतो, हे आईने लहानपणीच शिकवलं होतं. त्यांनी पट्टी किंचित मागे सारली, दुखरी तर्जनी भाजलेल्या तंबाखूच्या काळ्या मिश्रीत बुडवली आणि रोजच्यासारखे दात घासायला लागल्या.