आलेखाची शिंगं

आलेखाला याही आठवड्यात रोज दोन शिंगं फुटली. एक सकाळी आठला, एक संध्याकाळी आठला.

संशोधक मुलीने कपाळावर हात मारला. काचबिंदूचं औषध भरलेली ही लेन्स तिने तीन वर्षं खपून बनवली होती. एकदा डोळ्यात बसवली की औषध आठवडाभर मुंगीच्या पावलांनी झिरपायचं, रोजच्या थेंबांची कटकटच नको. प्रयोगशाळेतल्या मिठाच्या पाण्यात लेन्स शहाण्यासारखी वागली. अकरा माणसांच्या डोळ्यांतही वागली. बाराव्याच्या डोळ्यात मात्र दिवसातून दोनदा औषध एकदम उसळी मारत होतं. साहेबांनी सांगून टाकलं, "पुढच्या आठवड्यातही असंच झालं, तर हे काम गुंडाळायचं."

बारावे म्हणजे एक निवृत्त घड्याळजी. दर दोन तासांनी पापणीला कागदाची पट्टी लावून अश्रू टिपायचे आणि ती नळीत घालून घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची, एवढंच काम होतं. त्या अश्रूंतलं औषध मोजूनच आलेख निघायचा. बाकीचे अकरा जण पट्टीची वेळ अंदाजपंचे लिहायचे. हे सेकंदासकट लिहायचे. अशा माणसाने पट्टीत गोंधळ घालणं शक्यच नव्हतं.

तिने त्यांना बोलावून घेतलं.

"काका, खरं सांगा. लेन्स असताना जुने थेंबही घालताय का?"

"मी? छे! मी बाटलीला हातसुद्धा लावलेला नाही."

"मग कोण लावतं?"

घड्याळजींनी खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळ केली. "आमची ही."

मग सगळं बाहेर आलं. वर्षभरापूर्वी त्यांनी बायकोचं शिलाई मशीन हौसेने दुरुस्त करायला घेतलं होतं. ते कायमचं बंद पडलं, आणि घरात अबोला सुरू झाला. भाजीत मीठ जास्त झालं, तरी तक्रार शेजारणीमार्फत जायची. फक्त थेंबांच्या वेळी काकू जवळ यायच्या, हनुवटी धरायच्या आणि म्हणायच्या, "वर बघा. हलू नका. झालं."

"लेन्सचं घरी सांगितलं असतं," घड्याळजी म्हणाले, "तर तेवढंही बोलणं गेलं असतं. पट्ट्या कसल्या, हे तिने अबोल्यापायी विचारलंच नाही."

तिला रागवायचं होतं, पण हसूच आलं. "अहो, दुप्पट औषध जातंय. नाडी मंदावते त्याने!"

तिने डॉक्टरांना विचारलं आणि हुबेहूब तशीच एक बाटली आणली. आत औषधाचा टिपूस नव्हता, नुसते डोळा ओला ठेवणारे थेंब. "जुनी बाटली इथे जमा करा, ही घरी न्या. आणि काकूंना पत्ता लागू देऊ नका."

पुढच्या आठवड्यात शिंगं गळून पडली. आलेख गरीब गाईसारखा सरळ चालला. साहेब चक्क हसले.

त्याच दुपारी काकू एकट्याच दारात उभ्या राहिल्या.

"ह्यांच्या डोळ्यांत तुमची लेन्स आहे ना?"

मुलगी खुर्चीतून उठली. "काकांनी सांगितलं?"

"ते कसले सांगतायत! आधी थेंब घातले की डोळे चुरचुरायचे ह्यांचे. आता चुरचुरत नाहीत, पण हे चुरचुरल्याचं सोंग आणतात. सोंगही धड जमत नाही. तेव्हा नीट वाकून पाहिलं, तर बुबुळाभोवती लेन्सचा काठ दिसला. आणि फ्रिजमधल्या नळ्यांवर पत्ता इथलाच होता." त्यांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "यात औषध नाही. बरोबर?"

"बरोबर." मुलीने मान खाली घातली. "चुकलंच माझं, काकू. हे थेंब आजपासून बंद करू."

"बंद कशाला?" काकू गडबडीने म्हणाल्या. त्यांनी वळून दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. "डॉक्टरांची म्हणून एक चिठ्ठी द्या मला. ह्यांना लिहा, थेंब आता दिवसातून चार वेळा घालायचे."