चार कागद

दुपारचे दोन वाजून गेले, झाकणाच्या शेगडीतला मटणाचा खांदा धुराने हवा तसा काळसर झाला, आणि तिचा नवरा अंगणातल्या टेबलावर चार कागद ओळीने मांडून त्यांच्याकडे बघत उभा राहिला.

पहिला चंदेरी, फॉइलचा. दुसरा केक भाजायचा पातळ पांढरा. उरलेले दोन तपकिरी, त्याच्या वडिलांच्या बंद दुकानाच्या माळ्यावरून काढलेले, दिसायला अगदी जुळे भाऊ. यातला एक उचलायचा, मांस त्यात गुंडाळायचं आणि पुन्हा धुरात ठेवायचं, म्हणजे ते कोरडं न पडता आतून मऊ होतं. काम एवढंच होतं. शेगडी सकाळी सातला पेटली होती. कागद मात्र साहेबांचा अजून ठरत नव्हता.

फॉइलमध्ये वाफ कोंडते आणि वरचा कुरकुरीतपणा जातो, असं त्याने तिला समजावलं. मग पांढरा पातळ आहे, फाटेल, असंही समजावलं. तपकिरी दोन्हींबद्दल त्याचं मत अजून बनत होतं. त्याने आठवडाभर अकरा व्हिडिओ पाहिले होते आणि अकरा जणांनी अकरा गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या. ती हातात चिमटा घेऊन ऐकत होती. याच माणसाने बैठकीच्या खोलीचे पडदे निवडायला दोन वर्षं लावली होती. दोन वर्षं खिडकीवर जुनी चादर लटकत होती, आणि येणाराजाणारा ती कधी काढणार म्हणून विचारत होता.

पण पडद्यांची गोष्ट वेगळी. आज भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकून सासरे बसले होते. त्यांनी चाळीस वर्षं मटण विकलं होतं आणि आता गुडघ्यांनी साथ सोडल्यावर दुकान विकायला काढलं होतं. घेणारा पाच वाजता येणार होता. दुकान मला द्या, मी तिथे भाजलेलं मटण विकीन, असं मुलगा चार महिने त्यांच्या मागे लागला होता. आधी तुमच्या हातचं खातो, मग सांगतो, एवढंच ते म्हणाले होते. बारा वाजल्यापासून ते उपाशी बसले होते.

मागत नवरा होता, पण दुकान खरं तिला हवं होतं. सासू आजारी असताना तीन वर्षं ती त्या गल्ल्यामागे, सासऱ्यांच्या शेजारी उभी राहिली होती. तिथे तिला कधी कंटाळा आला नव्हता. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

नवऱ्याने एक तपकिरी कागद उचलला, उजेडात धरला आणि परत ठेवला. मग दुसरा उचलला.

"बाबा, तुम्ही यातला कुठला घेतला असता?"

"दुकान कोण मागतंय?" सासरे म्हणाले. "मी का तू?"

नवऱ्याने मान खाली घातली आणि खिशातून फोन काढला. बारावा व्हिडिओ सुरू झाला. शेगडीवर चरबीचा एक थेंब चुरचुरला. आणखी अर्धा तास असाच गेला तर त्या खांद्याचं वाळलेलं चामडं होणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिच्या डोक्यात सणक गेली.

तिने पाण्याच्या तांब्यात बोटं बुडवली आणि दोन्ही तपकिरी कागदांवर झटकली. एकावर थेंब जसेच्या तसे उभे राहिले. दुसऱ्याने ते पिऊन टाकले. दुकानात कागदाचं नवं रीळ आलं की सासरे हेच करायचे, मालवाल्याच्या समोर, त्याच्या तोंडाकडे न बघता.

"याला मेण आहे. हा घरी न्यायचं कच्चं मटण बांधायला," ती म्हणाली. "शेगडीत ठेवलास तर मेण वितळून मटणात उतरेल. तो दुसरा दे."

"अगं, पण फॉइलचं अजून बघायचं..."

तिने त्याच्या हातून कागद काढून घेतला. खांदा उचलून कागदावर तिरका ठेवला, जवळचा कोपरा वर घेतला, दोन्ही बाजू आत दाबल्या, पुढे लोटत गुंडाळलं आणि शेवटचं टोक खाचेत खोचलं. दोरा नाही, चिकटपट्टी नाही. ओढलं तर एका झटक्यात सुटणारं आणि एरवी दिवसभर न हलणारं पुडकं. ते तिने शेगडीत ठेवून झाकण लावलं. सगळ्याला मिनिटभर लागलं असेल.

"दीड तास," ती म्हणाली. "आता कुणी झाकण उघडू नका."

सासरे खुर्चीतून उठले. गुडघ्यांना सांभाळत टेबलापाशी आले आणि सदऱ्याच्या खिशातून एक छोटं तपकिरी पुडकं काढून त्यांनी उरलेल्या तीन कागदांशेजारी ठेवलं. घडी तीच होती. ठेवताना आत लोखंड वाजलं. दुकानाच्या शटरच्या दोन किल्ल्यांचा आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

"बाबा, अजून खाल्लं कुठे तुम्ही?" तिने विचारलं.

"बांधताना बघितलं ना."

नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याने पुडकं उचललं, उलटसुलट केलं, अंगठ्याने कागद चोळून पाहिला, मग उजेडात धरला.

"बाबा," तो म्हणाला, "हा मेणाचा का साधा?"

सासऱ्यांनी त्याच्या हातातून ते पुडकं हळूच काढून घेतलं आणि सुनेच्या ओल्या तळहातावर ठेवलं.

तिने टोक ओढलं. पुडकं एका झटक्यात सुटलं.