नावाड्याचे नऊ भाग

सुलभाचा लेक लग्न करून दुबईला गेला, त्या वर्षी त्याचा व्हिडिओ गेम घरीच राहिला. सुलभानं आणि तिच्या नणंदेनं, गोदावन्संनी, तो हाती घेतला. नावाड्याच्या त्या खेळाचे नऊ भाग होते, आणि वन्संच्या दुखण्यात डॉक्टर वर्षापलीकडचं बोलत नव्हते.

“एकही भाग गाळायचा नाही,” वन्संनी बजावलं. “पोथीचं पारायण करतो तसं.”

रोज जेवणं उरकली की दोघी टीव्हीपुढं बसत.

“वन्सं, बुडवलीत पुन्हा होडी!”

“आणि काल मगरीच्या तोंडात कोण गेलं होतं गं?”

नववा भाग सरत आला, तशी सुलभा मुद्दाम हरू लागली. वन्संनी ओळखलं. “खेळ संपला की मीही संपेन, असं वाटतंय होय? वेडे, पोथी संपल्यावर त्याच बैठकीत पहिल्या अध्यायाच्या पाच ओव्या वाचतो ना आपण?”

त्या दुपारी नावाडी घरी पोचला. सुलभानं डोळे पुसून लगेच पहिला भाग लावला. छोटी होडी पुन्हा काठावरून सुटली.

दुसऱ्या फेरीचा तिसरा भाग चालू असताना, माघ शुद्ध पंचमीला, गोदावन्सं वारल्या.