उताराच्या वरची विहीर

अंगणातल्या वाफ्यातली मेथी पानांच्या कडांकडून जळाली होती. खिडकीतल्या कुंडीतली, त्याच पुड्यातल्या बियांची मेथी हिरवीगार होती. कुंडीला नळाचे पाणी मिळे, वाफ्याला अंगणातल्या विहिरीचे.

फाटकाशी गल्लीच्या मंडळाचे प्रमुख मोरी-सान उभे होते. हातात निळी पाटी आणि स्क्रू-ड्रायव्हर. भूकंपात नळ बंद पडले, तर या विहिरीचे पाणी सर्वांनी वापरावे, असे पाटीवर लिहिले होते.

“पाण्यात बोरॉन आहे, पानांच्या कडा त्यानेच जळतात,” उत्तरा नवऱ्याला मराठीत म्हणाली. “क्लोराइडही. खालच्या राखेच्या भरावातून झिरपतं, तेच.”

“भराव खाली, आपण वर. पाणी काय जिना चढतं?” सत्यजित मोरी-सानांकडे बघून हसत म्हणाला. “आणि हे बोललीस, तर हे घर आपल्याकडून कोणी घेणार नाही. जन्मभर इथेच.”

घर तिनेच निवडले होते, वर आहे म्हणून. उताराखाली शहराचा कचरा जाळून उरलेली राख पुरलेली होती; त्या भरावाभोवतीचे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करी. पद्धत सोपी होती: उताराच्या वरच्या विहिरीचे पाणी शुद्ध मानायचे आणि खालच्या विहिरीची तुलना त्याच्याशी करायची. तपासणीची ही वरची विहीर त्यांच्या कुंपणापलीकडेच होती. यंदा दोन्हींतले क्षार सारखेच वाढले होते. फरक नाही, म्हणजे क्षार जमिनीचेच, असा निष्कर्ष तिने लिहिला होता.

“उत्तरा-सान, पाटी आणखी थोडी वर घेऊ?”

“मोरी-सान, टेकडीमागे वाम माशांचे तलाव झाले, त्यांना पाणी कुठून येतं?”

“जमिनीतूनच!” ते अभिमानाने म्हणाले. “मोठे पंप आहेत. दिवसरात्र चालतात, तरी पाणी आटत नाही.”

सत्यजितचे हसू मावळले. “उत्तरा, नको.”

“पाटी लावू नका,” ती जपानीत म्हणाली.

“पण पाणी चांगलं आहे, असं तुमच्याच अहवालात आहे ना?”

“अहवाल चुकला. तो मी लिहिला होता.”

मोरी-सानांनी पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली. वाकावे की जावे, हे त्यांना ठरवता येईना.

तलावांच्या पंपांनी टेकडीखालची भूजल पातळी भरावापेक्षा खाली नेली होती. जमिनीचा उतार तसाच राहिला; पाण्याचा उलटा झाला. भरावातले पाणी घरांकडे येत होते, आणि शुद्ध मानलेली विहीर त्याच्या वाटेत होती.