शेवटची डावी काच

“पुढच्या इंडिकेटरची काच पाहिजे. डावी,” गिऱ्हाईक म्हणालं आणि त्याने गाडीचं मॉडेल सांगितलं.

मामांच्या हातातला चहा बशीत सांडला.

ती गाडी बनायची बंद होऊन तीस वर्षं झाली होती. शहरात तिचे इनमिन तीन नग चालू होते आणि त्यांचे पार्ट मिळायचे ते फक्त पार्टवाल्या मामांकडे. कंपनीने हात वर केले की लोक मामांचे पाय धरायचे. मामा भाव खायचे, पण पार्ट काढून द्यायचे.

गेल्या बुधवारी सकाळी मात्र समोरच्या शिंप्याला कुणीतरी गाडीने उडवलं आणि मागे वळूनही न बघता पळालं. फिरायला निघालेला माणूस जागच्या जागी गेला. रस्त्यावर पिवळ्या काचेचा थोडा चुरा सापडला, तो पोलिसांनी मामांनाच दाखवला. मामांनी एका नजरेत मॉडेल ओळखलं. पोलिसांनी तिन्ही गाड्या तपासल्या. एक डॉक्टरांची, एक वकिलांची आणि एक मामांची स्वतःची, पोरगा चालवायचा ती. सगळ्यांच्या काचा शाबूत निघाल्या. तेव्हा गाडी बाहेरगावची, असं ठरलं.

शिंपी मामांचा वीस वर्षांपासूनचा दोस्त. मामा आठ दिवस येईल त्याला सांगत होते, “काच घ्यायला तो माझ्याकडेच येणार. जाईल कुठे? आला की मानगूट धरतो!”

आणि आता तो आला होता. चांगला सहा फुटी, पंजे फावड्यासारखे. मामांची पाचावर धारण बसली. मानगूट धरायची म्हणजे आधी स्टुलावर चढावं लागलं असतं.

माणसाने मागे हात नेऊन दुकानाचं दार लोटलं.

“दार कशाला लावताय?” मामांचा आवाज चिरकला.

“बाहेर गोंगाट फार आहे. आहे का काच?”

“आहे... म्हणजे बघावं लागेल. आधी जुनी दाखवा. आमची रीत आहे.”

रीत खरीच होती. जुना ठेवल्याशिवाय नवा उचलायचा नाही. नाहीतर लोक न मिळणारे पार्ट साठवून दामदुपटीने विकतात. जुन्याला दोरा बांधायचा, चिठ्ठीवर तारीख घालायची आणि तो नव्याच्या जागी ठेवायचा. या रीतीतून मामांनी बायकोलाही सूट दिली नव्हती. पोराने तर लहानपणी एकदा जुना न ठेवता प्लग उचलला, तेव्हा त्याच्या कानाखाली बसली होती. त्याचं गॅरेज आता वेगळं होतं, दुकानाची एक किल्ली त्याच्याकडे असायची. पण हाताला लागलेलं वळण काही सुटलं नव्हतं.

माणसाने खिशातून रुमाल काढला. घड्या सोडवल्या. आत अंगठ्याएवढा पिवळा तुकडा होता.

“एवढाच? बाकीची काच?”

“ती माझ्याकडे नाही.”

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. तशाच काचेचा चुरा त्यांनी पाहिला होता. तो पोलीस चौकीत होता. त्यांनी पोराला फोन लावला. गॅरेज दोन गल्ल्या सोडून तर होतं.

“अरे, एक गिऱ्हाईक आलंय. आपल्या मॉडेलची काच मागतंय. डावी. जरा येतोस का?”

पलीकडे चाललेली हातोड्याची ठोकठोक एकदम थांबली.

“संपली म्हणून सांगा, बाबा. घालवून द्या त्याला. मी आलोच.”

बापाची काळजी करणारा पोरगा! मामांना भरून आलं. पण माणूस आता गल्ल्यावर दोन्ही हात टेकून पुढे झुकला होता.

“कुणाला बोलावलंत?”

“मु... मुलाला.”

“घाबरलात का? मामा, मी शिंप्याचा थोरला भाऊ. जहाजावर असतो. काल पोचलो.”

मामा मटकन खुर्चीत बसले. नीट बघितलं तर तेच नाक, तेच पुढे आलेले कान.

“अहो, मग आधी बोलायचं ना! इथे जीव जायची वेळ आली होती माझी!”

“हा तुकडा त्याच्या कापडी पिशवीच्या शिवणीत अडकलेला होता. पोलिसांच्या नजरेतून सुटला. म्हटलं, गिऱ्हाईक बनून दुकानं पालथी घालावी. कुणीतरी नवी काच नेलीच असेल. तुमच्याकडून कुणी नेली?”

“कुणी म्हणजे कुणीच नाही! एकच डावी उरलीय. पेटीत आहे, वर.”

“पोलिसांना दाखवलीत?”

“माझ्या शब्दावर विश्वास आहे त्यांचा. पण तुम्ही भाऊ आहात, तुम्ही डोळ्यांनी बघा.”

भीती गेली तशी मामांच्या अंगात तरतरी आली. ते स्टुलावर चढले, वरच्या फळीवरची पेटी खाली घेतली, धूळ फुंकायला गाल फुगवले. झाकणावर धूळ नव्हती.

बाहेर ओळखीचा हॉर्न वाजला. दोस्तासाठी एवढं तरी करता आलं, या समाधानात मामांनी झाकण उघडलं आणि कागदाची गुंडाळी भावाच्या हातात दिली.

भावाने कागद सोडवला. आतल्या काचेच्या कडांचे टवके उडाले होते आणि एक कोपरा तुटलेला होता. त्याने रुमालातला तुकडा तिथे टेकवला. तो चपखल बसला. काचेला दोरा बांधलेला होता आणि दोऱ्याच्या चिठ्ठीवर, पोराच्या अक्षरात, गेल्या बुधवारची तारीख होती.